लोखंडी हॉटेल आणि त्यातली माणसे

मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे तेथे कोण कोण उतरून गेले याची यादी वाचावयाची, असा एक प्रघात पडला आहे. अमका राजा या खोलीत निजला, तमक्या लेखकाने त्या सज्जात बसून चहा घेतला, अमक्या बाईने या जिन्यावर पाऊल ठेवले. यादी खोटी नसते. पण ती अर्धी असते. ती खोली आदल्या दिवशी कोणी झाडली, चहाचे आधण कोणी ठेवले, जिना कोणी पुसला, हे तीत येत नाही. आम्ही पडलो कामगार संघटनेतली माणसे. आमचे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झालेले. त्यामुळे यादी हाती आली की तीत कोण आहे यापेक्षा कोण नाही हे पाहण्याची आम्हांला खोड जडली आहे. आज एका हॉटेलाची अशीच दोन्ही अंगांनी ओळख करून द्यावी, असा बेत आहे.

हे हॉटेल म्हणजे मुंबईतले वॉटसनचे हॉटेल. काळ्या घोड्याच्या चौकातून विद्यापीठाकडे निघालात म्हणजे दिवाणी व सत्र न्यायालयाच्या शेजारी एक पाच मजली जुनाट इमारत उभी आहे. ओळीने बिडाचे खांब, त्यांवर लोखंडी कठड्यांचे लांबच लांब सज्जे. तिचे अलीकडचे नाव एस्प्लनेड मॅन्शन. भारतात आज टिकून असलेली बिडाच्या सांगाड्याची ही सर्वांत जुनी इमारत, असे जाणकार सांगतात. एके काळी सबंध आशियात जिचा डौल सांगावा अशी ती उतरण्याची जागा होती.

प्रथम ही इमारत ज्या जमिनीवर उभी राहिली त्या जमिनीची गोष्ट. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या संस्थानांत गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्लंडने हिंदुस्थानच्या कापसाकडे हात पसरला. वऱ्हाड, खानदेश, गुजरात येथला कापूस मुंबईच्या बंदरातून जाऊ लागला आणि चार-पाच वर्षे मुंबईत पैशाचा नुसता पूर लोटला. याच काळात, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, जुन्या किल्ल्याचे तट पाडले गेले आणि तटाबाहेरचे मोकळे मैदान इमारतींसाठी खुले झाले. त्या मैदानाला इंग्रज एस्प्लनेड म्हणत. तेथली जागा जॉन हडसन वॉटसन नावाच्या एका इंग्रज कापडव्यापाऱ्याने घेतली. १८६५ साली अमेरिकेतले युद्ध थांबले, कापसाचे भाव गडगडले, बँका बुडाल्या, कालचे लक्षाधीश दिवाळखोर झाले. वॉटसनचा बेत मात्र टिकला. १८६७ ते १८६९ या काळात इमारत उभी राहिली आणि १८७१ साली हॉटेल सुरू झाले. त्याच वर्षी वॉटसन वारला.

अमेरिकेतल्या गुलामांचे हात थांबले म्हणून मुंबईत पैसा आला आणि त्या पैशाच्या दिवसांत मुंबईचा हा भाग आकाराला आला, एवढी गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

आता बांधणीकडे वळू. या इमारतीचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. लंडनमध्ये १८५१ सालच्या प्रदर्शनासाठी लोखंड आणि काच यांचा जो प्रचंड स्फटिकमहाल उभारला गेला, त्याच्या कामात ऑर्डिश होता. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या विशाल छपराच्या कामातही त्याचा हात होता. रेल्वे स्टेशन आणि प्रदर्शनाचा मंडप यांना शोभणारी विद्या त्याने मुंबईत माणसांच्या राहण्याच्या जागेला लावली. यातले धाडस कशात होते ते नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्या जुन्या वाड्यात भिंत भार पेलते. वरचा मजला जितका जड तितकी खालची भिंत रुंद. खिडकी मोठी केली की भिंत दुबळी. वॉटसनच्या हॉटेलात भार पेलतात ते लोखंडाचे खांब आणि त्यांवरच्या तुळया. भिंती केवळ मधल्या मोकळ्या जागा बुजविण्यापुरत्या विटांच्या. म्हणून तेथे उंच दारे करता आली, वारा खेळता ठेवता आला आणि प्रत्येक मजल्यावर बाहेर झुकलेले सलग सज्जे काढता आले. आत मधोमध एक उंच दालन, त्यावर काचेचे छप्पर. तेथे साहेबलोकांचे नाच होत. खाली उपाहारगृह आणि मद्यालय, वर एकशेतीस खोल्या. शिकागो शहरात लोखंडी सांगाड्यावरच्या उंच इमारतींचे युग ज्या होम इन्शुरन्स इमारतीपासून मोजतात ती १८८५ सालची. सांगाडा भार पेलील आणि भिंत केवळ आडोसा करील, ही कल्पना मुंबईच्या एस्प्लनेडवर त्याच्या पंधरा-सोळा वर्षे आधी उभी होती. आणि दुसरे धाडस असे की, हा सांगाडा ऑर्डिशने लपविला नाही. शेजारच्या सरकारी इमारती दगडी कमानी आणि नक्षी पांघरून बसल्या. या इमारतीने आपली हाडे उघडी ठेवली.

ती हाडे ओतली गेली इंग्लंडातल्या डर्बी गावच्या फिनिक्स फाउंड्रीत. तेथल्या ओताऱ्यांनी साचे केले, बीड ओतले, भोके पाडली. मग सुटे भाग जहाजावर चढले. सुएझचा कालवा खुला झाला १८६९ च्या नोव्हेंबरात. तेव्हा त्याआधी आलेले ते जड लोखंड सबंध आफ्रिका खंडाला वळसा घालून मुंबईला पोचले. मुंबईत ते जहाजातून उतरविले, गाड्यांवर घातले, मैदानात आणले आणि एकावर एक चढवून जोडले. आज आपण ज्याला सुटे भाग आणून जोडकाम करणे म्हणतो, ते हे काम. डर्बीच्या फाउंड्रीने आपले नाव त्या लोखंडावर ओतून ठेवले आहे आणि ते वाचता येते. धक्क्यावर तो भार खांद्यावर घेणारे हमाल, दोर ओढून खांब उभे करणारे बिगारी आणि विटा रचणारे गवंडी यांचे नाव मात्र कोठेही नाही.

आता या हॉटेलात उतरणे म्हणजे काय होते ते पाहू. उतरणारा बहुधा युरोपियन असे. हे हॉटेल गोऱ्या लोकांचे म्हणूनच ओळखले जाई. तो बोटीतून येई, गाडीतून हॉटेलच्या दाराशी उतरे आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत जाई. पश्चिमेकडे आज जी वस्ती दिसते तेथे तेव्हा समुद्र बराच जवळ होता. सज्जात उभे राहिले की मैदान आणि त्यापलीकडे पाणी दिसे. १८९६ च्या जानेवारीत अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन मुंबईस आला तो येथेच उतरला, असे सर्वत्र मानले जाते. व्याख्याने देऊन कर्ज फेडण्यासाठी तो जगप्रवासास निघालेला होता. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात मुंबईच्या हॉटेलातल्या वास्तव्याची हकीकत आहे. सज्जात येऊन बसणाऱ्या आगाऊ कावळ्यांवर त्याने लिहिलेला मजकूर लोक अजून हसत हसत वाचतात. आम्ही मात्र त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या मजकुराकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

ट्वेन लिहितो की, त्यांचे हातसामान घेऊन सुमारे चौदा माणसांची मिरवणूक वर आली. प्रत्येकाच्या हाती एकच वस्तू. एका धट्ट्याकट्ट्या माणसाकडे डगला, दुसऱ्याकडे छत्री, तिसऱ्याकडे चिरुटांची पेटी, चौथ्याकडे एक कादंबरी आणि शेवटल्याकडे फक्त एक पंखा. कोणी हसत नव्हते. प्रत्येकजण आपल्या तांब्याच्या नाण्याची वाट पाहत शांत उभा राहिला, नाणे मिळताच कपाळाला हात लावून निघून गेला. ट्वेनला यात गंमत वाटली आणि वाचणाऱ्यालाही वाटते. परंतु संघटनेचे काम केलेल्या माणसाला यात वेगळेच दिसते. एका माणसाच्या ओझ्याचे चौदा तुकडे का झाले? हे आळसाचे लक्षण नव्हे. जेथे पगाराचा भरवसा कमी आणि पोट बक्षिशीवर, तेथे काम वाटून घेतल्यावाचून चौदा जणांच्या हातावर नाणे कसे पडावे? जो पंखा घेऊन आला त्याच्याही घरी चूल होतीच. काम थोडे आणि हात पुष्कळ असले म्हणजे माणसे अशीच एकमेकांना सांभाळून घेतात, हे आम्ही नाक्यावरच्या मजुरांत आजही पाहतो.

त्यानंतरचा प्रसंग गंमतीचा नाही. खोलीतून सज्जात उघडणारे मोठे काचेचे दार होते. त्याचे काही काम करण्यासाठी एक नोकर गुडघे टेकून बसला. पाहुण्यांना घेऊन वर आलेल्या दांडग्या जर्मन माणसाला ते काम पसंत पडले नाही. काय चुकले ते सांगण्याआधीच त्याने नोकराच्या जबड्यावर तडाखा दिला आणि मग चूक दाखविली. नोकर काही बोलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर रागाची रेषाही उमटली नाही. ट्वेन म्हणतो की, पन्नास वर्षांत आपण असे काही पाहिले नव्हते. त्या एका तडाख्याने तो क्षणात आपल्या बालपणात, मिसुरी संस्थानात, जाऊन पोचला. मिसुरीत तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. त्याचे वडील तसे न्यायी, पण घरातल्या गुलाम पोराला तेही चापट मारीत. आणि दहा वर्षांच्या वयात त्याने एका माणसाला आपल्या गुलामावर कच्च्या लोखंडाचा गोटा भिरकावताना पाहिले होते. अपराध एवढाच की, त्याने काहीतरी काम अजागळपणे केले. गुलाम तासाभरात मेला.

श्रोतेहो, आता ती आरंभीची गोष्ट आठवा. अमेरिकेतली गुलामगिरी मोडणारे युद्ध झाले, त्याने मुंबईत कापसाचा पैसा आणला, त्या पैशाच्या दिवसांत एस्प्लनेडची ही जमीन विकली गेली आणि तिच्यावर हे हॉटेल उभे राहिले. त्याच हॉटेलात तीस वर्षांनी गुलामांच्या प्रदेशात वाढलेला एक माणूस येतो आणि तेथे त्याला गुलामगिरीची आठवण होते. इंग्रजांच्या राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद होती. तो नोकर विकलेला नव्हता, पगारी होता. पण गुडघ्यावर बसलेल्या माणसाला तडाखा देण्याचा हक्क मालकाकडे शिल्लकच होता. हा हक्क कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला नव्हता. तो रिवाजात होता, आणि रिवाज मोडावयास कायद्यापेक्षा अधिक वर्षे लागतात.

याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे. ट्वेनने मुंबईत एक खासगी नोकर ठेवला. त्याला स्वतःचे नाव होते. पण पाहुण्यांना ते सोयीचे वाटेना, म्हणून त्यांनी त्याला थट्टेने सैतान असे नाव दिले आणि तेच चालू राहिले. ट्वेन मनाने उदार होता, तडाखा पाहून शरमणारा होता. तरीही माणसाचे नाव बदलताना त्याला काही वावगे वाटले नाही. थोर माणसाचा दोष काढण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. तडाखा डोळ्यांना दिसतो, नाव पुसले गेलेले दिसत नाही, एवढेच सांगावयाचे आहे.

त्याच १८९६ साली, ७ जुलै रोजी, वॉटसनच्या हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा हिंदुस्थानातला पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. आठवड्याभरात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तेथे चार आण्यांपासून तिकिटे निघाली, तेव्हा कोठे साध्या माणसाला पडदा पाहावयास मिळाला. हे नवे नवल पाहून आपल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी, म्हणजे सावेदादांनी, परदेशातून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली कुस्तीचे चित्रण केले. नवी विद्या हॉटेलातून बाहेर पडून चार आण्यांच्या बाकावर आली आणि तीन वर्षांत तिला मराठी हात लागले. विद्या कोठे उतरते यापेक्षा ती कोठवर पोचते याला महत्त्व अधिक, हे त्यावरून दिसते.

वॉटसनचा डौल ओसरला तो ताजमहाल हॉटेलामुळे. ते १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. जमशेटजी टाटांना वॉटसनच्या दारातून परत पाठविले म्हणून त्यांनी ताज बांधले, अशी आख्यायिका सर्वांनी ऐकलेली आहे. तिला भक्कम पुरावा नाही. आमच्या मते ताजची थोरवी कळण्यास त्या अपमानाची गरजही नाही. ताजच्या रचनाकारांत सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी नाव अग्रभागी आहे, आणि वैद्यांच्या मागे काम पुरे केले ते डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. वॉटसनचे लोखंड परदेशात ओतून आले. ताजचा आराखडा येथल्या माणसांनी कागदावर काढला. तीस-पस्तीस वर्षांत एवढा पल्ला गाठला गेला.

पण आराखडा देशी झाला म्हणून खोली झाडणाऱ्याचे दिवस आपोआप पालटले असे नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी चळवळ केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यानेही साप्ताहिक सुटीकडे पाऊल टाकले. परंतु हॉटेल ही फॅक्टरी नव्हे. तेथे भोंगा नाही, पाळी नाही. पाहुणा जागा तोवर नोकर जागा. हॉटेल आणि खानावळींतल्या नोकरांच्या कामाचे तास, विश्रांती आणि सुटी यांना हात घालणारा दुकाने व आस्थापना कायदा मुंबई प्रांतात झाला तो १९३९ साली आणि १९४८ साली त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली. गिरणीतल्या रविवारापासून हॉटेलातल्या सुटीपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे गेली. का गेली? गिरणीत हजार माणसे एका भोंग्याने बाहेर पडतात आणि एकमेकांना पाहतात. हॉटेलातली माणसे दहा कोपऱ्यांत विखुरलेली असतात. भटारखान्यातल्याला धुलाईखान्यातला दिसत नाही. शिवाय ती दिसू नयेत अशीच बांधणी असते. पाहुण्याचा जिना वेगळा, नोकराचा वेगळा. वॉटसनच्या इमारतीने लोखंडाचा सांगाडा उघडा ठेवला. माणसांचा सांगाडा मात्र प्रत्येक मोठ्या हॉटेलाप्रमाणे तिनेही आडच ठेवला.

हा आडचा जिना काय मोलाचा असतो ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री जगाला दिसले. ताजवर अतिरेक्यांचा हल्ला झाला तेव्हा भटारखान्यातली आणि पंक्तीत वाढणारी माणसे पळून गेली नाहीत. त्यांनी नोकरांच्या वापरातल्या वाटांनी पाहुण्यांना बाहेर काढले आणि त्यांतल्या कित्येकांनी प्राण दिले. त्या हॉटेलात मृतांचे स्मारक आहे. त्यावर पाहुणे आणि कर्मचारी यांची नावे एकाच यादीत आहेत. ती यादी आम्हांला फार मोलाची वाटते. मात्र नाव दगडावर येण्यासाठी मरावे लागू नये. आज अनेक ठिकाणी खोल्या झाडणारी मुले कंत्राटदाराची असतात. हॉटेलच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नसते. कामाचे गणवेष हॉटेलचे आणि जबाबदारी कोणाचीच नाही, अशी स्थिती आमच्या कामात नित्य आढळते.

शेवटी वॉटसनच्या इमारतीच्या आजच्या प्रश्नाकडे येऊ. हॉटेल बंद पडल्यावर तिच्या खोल्यांच्या आणखी खोल्या पाडल्या गेल्या. वकिलांच्या कचेऱ्या, टंकलेखनाची टेबले, लहान दुकाने, काही बिऱ्हाडे तेथे नांदली. ज्या दारातून एके काळी साध्या माणसाला प्रवेश नव्हता, त्याच दारातून पक्षकार आणि कारकून वर्षानुवर्षे जा-ये करू लागले. पण भाडे जुने आणि दुरुस्तीचा खर्च नवा. मालक हात आखडता घेई, भाडेकरूला जागा सोडवत नसे. समुद्राच्या खाऱ्या हवेने लोखंड कुरतडले. २००५ साली जगातल्या धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले आणि त्याच वर्षी सज्जाचा भाग कोसळून माणूस दगावला. २०१९ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करण्यात आली. इमारत वाचण्यापलीकडे गेली आहे असा अभियंत्यांचा अहवाल झाला. ती वाचविता येते आणि वाचविलीच पाहिजे, असे वास्तुजतन करणाऱ्यांनी आग्रहाने मांडले.

आमचे मत विचाराल तर, ती वाचवावी. साहेबांच्या नाचघरासाठी नव्हे. जगाच्या बांधकामविद्येतले एक धाडस आपल्या शहरात उभे आहे म्हणून, आणि त्याहूनही अधिक यासाठी की, अमेरिकेतला कापूस, डर्बीचे ओतारी, मुंबईच्या धक्क्यावरचे हमाल, पहिला चलच्चित्रपट आणि गुडघ्यावर बसून तडाखा खाणारा एक बेनाव माणूस, हे सारे एका छपराखाली दाखविता येईल अशी दुसरी इमारत आमच्या माहितीत नाही. पण वाचवावयाची ती पुरी वाचवावी. वॉटसनचे नाव राहो, ऑर्डिशचे राहो, ट्वेनचे आणि ल्युमिएरचेही राहो. डर्बीच्या फाउंड्रीचे तर लोखंडातच आहे. त्यांच्या शेजारी एक साधी पाटी असावी आणि तीवर लिहावे की, ही इमारत मुंबईच्या हमालांनी, बिगाऱ्यांनी व गवंड्यांनी उभारली आणि येथल्या नोकरांनी ती चालविली. त्यांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत, हेही त्याच पाटीवर लिहावे. नव्या पिढीतल्या एखाद्या मुलाने ते वाचून आपल्या शहरातल्या हॉटेलाच्या हजेरीपटावर कोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत, एवढे विचारले, तरी त्या पाटीचे काम झाले.